उरलेल्यांचा संघ

वॉशिंग्टन कॅपिटल्स हा संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, 1974-75 च्या हंगामात पहिल्यांदा उतरला. 80 सामने झाले. त्यांतले 8 जिंकले, 67 हरले, 5 बरोबरीत सुटले. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, या हिशेबाने 160 पैकी 21 गुण हाती आले. परगावी खेळलेल्या 40 सामन्यांपैकी 39 गमावले. गोल केले 181 आणि खाल्ले 446, म्हणजे दर सामन्याला साडेपाचाहून जास्त. हंगामात किमान 70 सामने खेळलेल्या संघांत गुणांच्या टक्केवारीचा एवढा खालचा तळ एनएचएलमध्ये दुसऱ्या कुणीही गाठलेला नाही.

या आकड्यांवर अमेरिकेत पन्नास वर्षं विनोद होत आले आहेत. पण संघातली माणसं बघितली, की हसू जरा आवरतं. आघाडीला टॉमी विल्यम्स होता. 1960 च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघातला खेळाडू. कर्णधार डग मोन्स 1953 पासून एनएचएलमध्ये खेळत होता. संघ उभारणारा जनरल मॅनेजर मिल्ट श्मिट तर बोस्टनचा जुना दिग्गज. त्याचं नाव 1961 मध्येच हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं होतं, आणि 1970 व 1972 चे स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकणारा बोस्टन ब्रुइन्सचा संघ बांधण्यात त्याचा मोठा हात होता. ही मंडळी खेळ न कळणारी नव्हती. मग असं कसं झालं?

याचं बरंचसं उत्तर बर्फाबाहेर सापडतं. पहिला सामना ऑक्टोबरात झाला, पण हंगामाचा निकाल त्याआधी चार महिने, 12 जून 1974 ला मॉन्ट्रियलमध्ये लागून गेला होता. त्या दिवशी तिथे याद्या वाचल्या गेल्या.

एका हिऱ्यावर न चालणारा खेळ

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची हॉकी डोळ्यांसमोर येते. आइस हॉकीची चाल वेगळी आहे. 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद बर्फाच्या रिंकवर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीचे. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, म्हणजे पक. साधारण 170 ग्रॅम वजनाचा हा पक सामन्याआधी गोठवून ठेवतात, म्हणजे तो बर्फावर उसळत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात.

या खेळात दमछाक इतकी होते, की कुणीही सलग फार वेळ बर्फावर टिकत नाही. मिनिटाच्या आगेमागे एक तुकडी कठडा ओलांडून बाहेर येते आणि दुसरी आत जाते. खेळ चालू असतानाच ही ये-जा होत राहते. पहिल्या फळीतला उत्तमातला उत्तम आघाडीपटू साठ मिनिटांपैकी वीस-बावीस मिनिटं खेळतो. उरलेला वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीने सांभाळायचा. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर उभा राहून पडता संघ वाचवू शकतो. आइस हॉकीत त्याला दर मिनिटाला बाकावर येऊन बसावंच लागतं. म्हणून इथे संघाचं बळ मोजताना पंधरावा, सोळावा, सतरावा गडी कसा आहे ते बघावं लागतं.

याला जोडून एक बारीक नियम आहे. खेळ थांबला की आधी पाहुण्या संघाने आपले गडी उतरवायचे आणि मग यजमानाने. समोर कोण उभं आहे हे बघूनच यजमान प्रशिक्षक आपली फळी पाठवतो. पाहुण्यांची कमकुवत तुकडी दिसली, की तिच्यावर तो आपली सर्वांत तिखट तुकडी सोडतो. ज्या संघात झाकायला एकही बलवान फळी नाही, त्याची परगावी काय गत होत असेल, हे 1 विजय आणि 39 पराभव या हिशेबातून दिसतं.

सात वर्षांत तिप्पट

1967 पर्यंत एनएचएलमध्ये अवघे सहा संघ होते. त्या वर्षी एका झटक्यात सहा नवे आले. प्रत्येकाने 20 लाख डॉलर प्रवेश शुल्क भरलं. तेव्हा लीगने शहाणपणा दाखवला: सहाही नव्यांना एकाच गटात टाकलं. त्यामुळे ते बहुतेक सामने एकमेकांशी खेळले, आणि त्यांच्यातला एक जण स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत जाणार हे ठरूनच गेलं. सेंट लुइस ब्लूज 1968, 1969 आणि 1970 अशी तीन वर्षं ओळीने अंतिम फेरीत गेला आणि तिन्ही वेळा जुन्या संघाकडून चार-शून्य असा हरला. बाराच्या बारा सामने गेले. तरीही शहराला अंतिम फेरी बघायला मिळाली, तिकिटं खपली, संघाने मूळ धरलं.

मग 1970 मध्ये आणखी दोन संघ आले, 1972 मध्ये आणखी दोन, आणि 1974 मध्ये वॉशिंग्टन व कॅन्सस सिटी. सात वर्षांत सहाचे अठरा झाले. तेवढ्यात 1972 मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. तिने घसघशीत पैसे मोजून एनएचएलचे खेळाडू पळवायला सुरुवात केली. शिकागोचा बॉबी हल विनिपेगला गेला तेव्हा तर सगळं हॉकीविश्व हादरलं. 1974-75 मध्ये या लीगमध्ये 14 संघ होते. म्हणजे वरच्या दर्जाचे मिळून 32 संघ, आणि खेळाडू जवळपास सगळे एकट्या कॅनडातून आलेले. युरोपातून खेळाडू आणण्याची लाट अजून पुरती आलेली नव्हती.

एनएचएलला या लीगची धास्ती किती होती, याचा एक मासला बघा. 1974 ची नवोदितांची निवड, म्हणजे ड्राफ्ट, त्यांनी चोरून फोनवर उरकली. कोण कुणाला घेतंय हे दुसऱ्या लीगला कळू नये, एवढाच हेतू. त्या रटाळ, दिवसेंदिवस चाललेल्या फोनाफोनीला वैतागून बफेलोचा जनरल मॅनेजर पंच इमलाक याने टारो त्सुजिमोटो नावाचा एक जपानी खेळाडू चक्क कल्पनेतून जन्माला घातला आणि त्याची निवड जाहीर करून टाकली. लीगने ती नोंदवूनही घेतली.

वॉशिंग्टनचा मालक एब पॉलिन हा बांधकाम व्यवसायातला माणूस. बास्केटबॉलचा बुलेट्स संघ त्याच्याकडे होता. शहराबाहेर मेरीलँडमधल्या लँडओव्हर इथे त्याने कॅपिटल सेंटर नावाचं सुमारे 18 हजार आसनांचं बंदिस्त स्टेडियम उभारलं आणि 1973 च्या डिसेंबरात ते खुलं झालं. एवढी वास्तू फक्त बास्केटबॉलवर वर्षभर कशी भरायची? हॉकी हवीच होती. त्यासाठी पॉलिनने 60 लाख डॉलर मोजले.

60 लाखांत काय मिळालं?

नव्या संघाला खेळाडू मिळतात ते मुख्यतः विस्तार-निवडीतून. प्रत्येक जुना संघ आपली सुरक्षित यादी देतो. त्या यादीतल्यांना हात लावायचा नाही. बाकीच्यांतून नव्यांनी उचलायचं. 1974 मध्ये जुन्या सोळाही संघांना दोन गोलरक्षक आणि पंधरा खेळाडू राखून ठेवायची मुभा होती. आता हिशेब करा. सामन्याच्या दिवशी गोलरक्षक सोडून सतराच्या आसपास गडी पोशाख चढवत. त्यांतले पंधरा राखून ठेवले, की उरतात सोळावा, सतरावा आणि ज्यांना एरवी कुणी खेळवत नाही ते. भावकीतल्या वाटणीत थोरल्यांनी धड भांडी आधीच आपापल्या खोलीत नेऊन ठेवावीत आणि मग धाकट्याला म्हणावं, घे तुला हवं ते, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे धाकट्याने वाटणीसाठी वर पैसेही मोजले होते, आणि ते गेले थोरल्यांच्याच खिशात.

वॉशिंग्टन आणि कॅन्सस सिटी यांनी प्रत्येकी 24 खेळाडू उचलले. म्हणजे एकूण 48, प्रत्येक जुन्या संघातून तीन. जुन्यांना ही झीज जाणवलीही नसेल. वॉशिंग्टनच्या वाट्याला टोरंटोकडून गोलरक्षक रॉन लो आला आणि फिलाडेल्फियाकडून मिशेल बेल्युमर. हे दोघेही त्यांच्या त्यांच्या संघाने राखलेल्या दोन गोलरक्षकांत नव्हते.

नव्या संघाला दुसरी आशा असते ती नवोदितांची. 1974 च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड वॉशिंग्टनची होती. त्यांनी रेजायना पॅट्सचा तरुण बचावपटू ग्रेग जॉली घेतला. कनिष्ठ गटात त्याचं नाव गाजत होतं. पण बचावपटूला पिकायला वेळ लागतो. त्याच्या शेजारी एखादा मुरलेला जोडीदार असावा लागतो, चूक झाली तर पाठीशी उभा राहणारा. जॉलीला तो नव्हता. दुखापतींनी बराच हंगाम खाल्ला आणि वर्षभरात त्याच्या नावावर एकच गोल लागला. दुसऱ्या फेरीत निवडलेला माइक मार्सन त्या मानाने बरा ठरला: 16 गोल. विली ओरीनंतर एनएचएलमध्ये खेळणारा तो दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू. विशीही न गाठलेल्या मुलाने हरणाऱ्या संघात, परक्या शहरांतून, प्रेक्षकांतल्या वर्णद्वेषी शेऱ्यांना तोंड देत हा हंगाम काढला.

त्यात गटवाटणी आडवी आली. 1967 सारखी सोय या वेळी नव्हती. वॉशिंग्टन ज्या गटात पडला त्यात मॉन्ट्रियल होता, लॉस एंजेलिस होता. त्या हंगामात पहिल्याने 113 गुण मिळवले आणि दुसऱ्याने 105.

ऑक्टोबर ते एप्रिल

9 ऑक्टोबर 1974 ला न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध पहिला सामना झाला. संघ तो 6-3 असा हरला. 15 ऑक्टोबरला घरच्या रिंकवर लॉस एंजेलिसशी 1-1 बरोबरी झाली. त्यातला गोल इव्हॉन लाब्र या बचावपटूचा. दोनच दिवसांनी शिकागोला 4-3 हरवून पहिला विजय मिळाला. हे बघून एखाद्याला वाटलं असतं की गाडी रुळावर येतेय. पुढे ती घसरतच गेली. 12-1 अशा पराभवांची नोंद एकाहून अधिक वेळा झाली. कॅन्सस सिटीलाही आपला पहिला विजय मिळाला तो वॉशिंग्टनलाच हरवून.

पोशाखही धड लाभला नाही. लाल जर्सीखाली पांढऱ्या विजारी दिल्या होत्या. घामाने आणि बर्फाच्या पाण्याने त्या भिजल्या की आतलं दिसायला लागे, म्हणून थोड्याच दिवसांत बदलाव्या लागल्या.

एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले. जिम अँडरसन 54 सामने टिकला आणि त्यांतले 4 जिंकला. त्याच्यानंतर आलेला रेड सलिव्हन 18 सामन्यांत 2 विजय मिळवून बाजूला झाला. शेवटचे आठ सामने खुद्द मिल्ट श्मिट बाकामागे उभा राहिला. तेही 2 विजय आणि 6 पराभव. बाकामागचा माणूस बदलत गेला तरी फळ्या त्याच राहिल्या, तेव्हा निकालही तेच राहिले.

सगळ्यांत जास्त सोसलं ते गोलरक्षकांनी. आइस हॉकीचा गोलरक्षक हा संघातला शेवटचा माणूस, आणि पुढचे पाच जण कमी पडले की सगळा भार त्याच्यावर येतो. संघाचे आठही विजय रॉन लोच्या नावावर आहेत. त्याने 36 पराभवही पचवले. बेल्युमर 35 सामन्यांत उतरला आणि एकही जिंकला नाही: 24 पराभव, 3 बरोबऱ्या. पण याच बेल्युमरची 1975 च्या फेब्रुवारीतली शिकागोविरुद्धची एका रात्रीची कामगिरी बघण्यासारखी आहे. पेनल्टी शॉट म्हणजे गोलरक्षकासमोर एकटा आक्रमक, मध्ये कुणी नाही. त्या रात्री असे दोन शॉट दिले गेले. एक जिम पॅपिनने मारला, दुसरा स्टॅन मिकिटाने, म्हणजे त्या काळच्या पहिल्या दर्जाच्या खेळाडूने. बेल्युमरने दोन्ही अडवले. सामना मात्र संघ हरलाच. एकास एक अशी गाठ पडली तेव्हा तो कुणाहून कमी नव्हता. मात्र सामना काही एकास एक खेळला जात नाही.

आकड्यांची दुसरी एक बाजू बिल मिकलसनच्या वाट्याला आली. आइस हॉकीत अधिक-उणे नावाचा हिशेब ठेवतात. तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पेनल्टीमुळे एक गडी जास्त असताना केलेले गोल त्यात धरत नाहीत. मिकलसनचा हंगामाअखेरचा आकडा उणे 82 होता. हा आजवरचा नीचांक आहे आणि हल्लीच्या हॉकीत तो मोडला जाण्याची शक्यता जवळपास नाही. पण हा आकडा एकट्याचा म्हणून वाचणं अन्यायाचं आहे, कारण त्यात बर्फावरचे बाकीचे चौघे, गोलरक्षक आणि समोरची फळी असे सगळेच मिसळलेले असतात. मिकलसनची मुलगी मेघन पुढे कॅनडाकडून खेळली आणि 2010 व 2014 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आली.

18 फेब्रुवारी ते 26 मार्च या काळात संघ ओळीने 17 सामने हरला. परगावच्या पराभवांची रांग तर हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होती आणि ती 37 वर पोहोचली. अखेर 28 मार्च 1975 ला ओकलंडमध्ये कॅलिफोर्निया गोल्डन सील्सला त्यांनी 5-3 हरवलं. सील्सही 1967 चा विस्तार-संघ होता आणि त्याचंही फारसं बरं चाललेलं नव्हतं. सामना संपला तशी विल्यम्सने ड्रेसिंग रूममधली कचऱ्याची बादली उचलली आणि स्टॅन्ली कप मिरवतात तशी डोक्यावर धरून गडी बर्फावर फेऱ्या मारू लागले. नंतर सगळ्यांनी त्या बादलीवर सह्या केल्या. विनोदाचं साहित्य त्यांनी स्वतःच पुरवलं, हे या संघाचं मोठेपण. त्या हंगामात स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलना केलेलं साहाय्य मिळून 58 वैयक्तिक गुणांसह विल्यम्स संघात सर्वांत पुढे होता.

नियमाचा दोष आणि स्वतःचा

इथे एक शंका रास्त आहे. नियमच जर सगळं ठरवत असेल, तर त्याच नियमांनी, त्याच दिवशी, त्याच याद्यांतून उभा राहिलेला कॅन्सस सिटी स्काउट्स 41 गुण कसा मिळवू शकला? 15 विजय, 54 पराभव, 11 बरोबऱ्या ही कामगिरी मिरवण्यासारखी नाही, पण वॉशिंग्टनच्या जवळपास दुप्पट तर आहे. म्हणजे नियमाने दोघांनाही तळाशी ढकललं होतं. तळात किती खोल जायचं हे मात्र निवड, नशीब आणि दुखापती यांनी ठरवलं.

त्याहून बोलकं उदाहरण न्यूयॉर्क आयलँडर्सचं. त्यांचा 1972-73 चा पहिला हंगाम असाच गेला होता: 12 विजय, 60 पराभव, 30 गुण. तळाला राहिल्यामुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांच्या हाती होती. जनरल मॅनेजर बिल टोरीकडे जुने संघ सौदे घेऊन आले: ही निवड आम्हाला द्या, बदल्यात आजचे तयार खेळाडू घ्या. टोरीने नकार दिला आणि डेनिस पॉटव्हिनला घेतलं. पुढे ब्रायन ट्रॉटिए आला, माइक बॉसी आला. 1980 ते 1983 अशी चार वर्षं ओळीने स्टॅन्ली कप आयलँडर्सकडे होता.

वॉशिंग्टनलाही 67 पराभवांचं बक्षीस म्हणून 1975 ची पहिली निवड मिळत होती. त्यांनी ती फिलाडेल्फियाला देऊन टाकली. बदल्यात बिल क्लेमेंट हा तयार खेळाडू, आणखी एक गडी आणि पहिल्या फेरीतली पार शेवटची निवड घेतली. क्लेमेंटला कर्णधार केलं आणि हंगाम संपायच्या आत त्यालाही अटलांटाला धाडलं. दुसऱ्या हंगामात 11 विजय, 59 पराभव. पहिलं वर्ष नियमाने बुडवलं असेल, पण पुढची वर्षं संघाने आपल्या उतावळेपणाने बुडवली. पहिले आठ हंगाम हा संघ बाद फेरीत पोहोचलाच नाही.

1982 मध्ये पॉलिनने संघ बंद करायची किंवा हलवायची भाषा सुरू केली, तेव्हा प्रेक्षकांनी संघ वाचवण्याची मोहीमच उघडली. त्याच वर्षी नवा जनरल मॅनेजर डेव्हिड पॉइल याने मॉन्ट्रियलशी मोठी अदलाबदल करून रॉड लँगवे हा बचावपटू आणला, आणि त्या हंगामात संघाने पहिल्यांदा बाद फेरी गाठली. कॅन्सस सिटीला तेवढी मुदतही मिळाली नव्हती. दोन हंगामांत तो संघ तिथून उठून कोलोरॅडोला गेला आणि 1982 मध्ये न्यू जर्सीला.

तोच खेळ, नवे नियम

2017 मध्ये लास व्हेगासचा गोल्डन नाइट्स आला तेव्हा प्रवेश शुल्क झालं होतं 50 कोटी डॉलर. एवढे पैसे मोजणाऱ्याला उरलंसुरलं देऊन चालणार नव्हतं. जुन्या संघांना आता दोन पर्याय होते: सात आघाडीपटू, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक राखा, किंवा कुठलेही आठ खेळाडू आणि एक गोलरक्षक. 1974 च्या सतरांऐवजी अकरा किंवा नऊ. गोलरक्षक तर एकच राखता येत होता, त्यामुळे पिट्सबर्गला मार्क-आंद्रे फ्लरी सोडावा लागला. तीन स्टॅन्ली कप जिंकलेला गोलरक्षक नव्या संघाला मिळाला. बेल्युमर आणि फ्लरी यांच्यातलं अंतर हे त्या एका आकड्याचं अंतर आहे.

दुसरी गोष्ट पगाराच्या मर्यादेची. 2005 पासून एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. त्यामुळे जुन्या संघांना काही महागडे करार अंगावरून उतरवायचेच होते. व्हेगासचा जनरल मॅनेजर जॉर्ज मॅकफी याने ही अडचण ओळखली. अमुक खेळाडू तुम्हाला वाचवायचा आहे का? मग माझ्या पदरात आणखी काहीतरी टाका, असे सौदे त्याने केले. फ्लोरिडाकडून जोनाथन मार्शेसोसोबत रायली स्मिथ आला. कोलंबसने तर पहिल्या फेरीची निवड वर दिली आणि त्यांच्याकडून आलेल्या विल्यम कार्लसनने पहिल्याच हंगामात 43 गोल केले. आधीच्या वर्षी त्याचे गोल होते 6.

1 ऑक्टोबर 2017 ला लास व्हेगासमध्ये संगीत महोत्सवावर अंदाधुंद गोळीबार झाला. नवव्या दिवशी संघाचा घरचा पहिला सामना होता. अशा वेळी शहराने या संघाला आपलंसं केलं. हंगामाअखेर हिशेब होता 51 विजय, 109 गुण आणि थेट स्टॅन्ली कपची अंतिम फेरी. समोर होता वॉशिंग्टन कॅपिटल्स. मॅकफीने 1997 ते 2014 पर्यंत याच वॉशिंग्टनचा कारभार पाहिला होता आणि तिथला कर्णधार अलेक्झांडर ओवेच्किन त्यानेच 2004 मध्ये निवडलेला. 7 जून 2018 ला व्हेगासच्या रिंकवर 4-3 असा पाचवा सामना जिंकून वॉशिंग्टनने आपला पहिला कप घेतला. इतिहासातल्या सर्वांत दुबळ्या नवागताने सर्वांत बलवान नवागताला हरवलं, पण त्याला मध्ये 43 वर्षं लागली.

मग नियम सुधारले की यश हमखास, असं म्हणावं का? 2021 मध्ये 65 कोटी डॉलर भरून सिएटल क्रॅकन त्याच नियमांनी आला आणि पहिल्या हंगामात 60 गुणांवर थांबला. मधल्या चार वर्षांत जुन्या संघांचे मॅनेजर शहाणे झाले होते. व्हेगासने आपल्याला कसं लुटलं हे लक्षात ठेवून त्यांनी वरकड सौदे टाळले आणि जो जायचा तो एक खेळाडू मुकाट्याने जाऊ दिला. सिएटलने मात्र उतावळेपणा केला नाही. दुसऱ्याच वर्षी 100 गुण मिळवून त्यांनी गतविजेत्या कोलोरॅडोला बाद फेरीत घरी पाठवलं.

आपल्याकडच्या आयपीएलमध्येही हे दोन्ही नमुने घडून गेले आहेत. 2011 मध्ये 37 कोटी डॉलरची बोली लावून पुणे वॉरियर्स आला. जुन्या संघांना जास्तीत जास्त चारच खेळाडू राखता येत होते, बाकी सगळे लिलावात. म्हणजे नियम नव्यांच्या बाजूचे होते आणि पुण्याने युवराज सिंगलाही घेतलं. तरी तीन हंगामांत प्रत्येकी चारच विजय मिळाले आणि 2013 मध्ये आर्थिक वादात संघच मिटला. उलट 2022 मध्ये नव्या संघांना लिलावाआधीच तीन खेळाडू निवडायची मुभा मिळाली. गुजरात टायटन्सने हार्दिक पंड्या, राशिद खान आणि शुभमन गिल हे तिघे घेतले आणि पहिल्याच वर्षी करंडक जिंकला.

नव्या संघाची घोषणा होते तेव्हा चर्चा नाव, बोधचिन्ह आणि एखाद्या ताऱ्याची होते. बघायला हवं ते दुसरंच: जुन्यांना किती जण राखता येणार आहेत, आणि पहिल्या वर्षी हरल्यावर हाती येणारी निवड मालक जपणार आहे की विकणार. पहिला आकडा पहिल्या हंगामाचं भविष्य बरंचसं सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दहा वर्षांचं. 1974 च्या वॉशिंग्टनकडून ही दोन्ही उत्तरं चुकली. त्यांतलं पहिलं त्यांच्या हातात नव्हतं, दुसरं होतं.